चौथ्या नंबरचा पैलवान

बेल्जियममधल्या अँटवर्प शहराचे प्राणिसंग्रहालय रेल्वे स्टेशनला अगदी खेटून आहे. १९१४ साली जर्मन फौजा शहराच्या तोंडाशी आल्या, तेव्हा तोफगोळ्यांनी पिंजरे फुटतील आणि जनावरे रस्त्यावर येतील या भीतीने तिथली हिंस्र जनावरे गोळ्या घालून मारली गेली. युद्ध संपले, दोन वर्षांनी याच शहरात ऑलिम्पिक भरले आणि कुस्ती व मुष्टियुद्धाची सोय या प्राणिसंग्रहालयाच्या सभागृहात झाली. ऑगस्ट १९२०च्या शेवटच्या आठवड्यात तिथल्या गादीवर साठ किलोच्या गटात एक मराठी गडी उतरला होता. रणधीर शिंदे.

शिंद्यांनी ब्रिटनच्या हेन्री इनमनला हरवले आणि उपांत्य फेरी गाठली. तिथे अमेरिकेच्या सॅम गर्सनने त्यांना अडवले. उरली कांस्यपदकाची कुस्ती. समोर पुन्हा ब्रिटिश पैलवान, बर्नार्ड. ती कुस्ती शिंदे हरले आणि चौथे आले. जिंकले असते तर भारताचे कुस्तीतले पहिले ऑलिम्पिक पदक १९२० साली आले असते, म्हणजे खाशाबा जाधवांच्या हेलसिंकीच्या ३२ वर्षे आधी.

खाशाबांचे नाव आज शाळकरी पोरालाही ठाऊक आहे, आणि असायलाच हवे. शिंद्यांचे मात्र नावसुद्धा कागदावर धड उरलेले नाही. ऑलिम्पिकच्या दप्तरात ते ‘शिंदेस’ झाले आहेत. शेवटचा ‘स’ कुठल्या कारकुनाने चिकटवला कोण जाणे. इकडच्या संघाच्या यादीत ते ‘एन. शिंदे, मुंबई’ आहेत. त्यांचे जोडीदार कुमार नवले एका यादीत ‘जी. नवले’ होतात. मुंबई म्हणजे तेव्हाचा अख्खा मुंबई इलाखा, कराचीपासून कारवारपर्यंतचा. त्यावरून गाव कुठे शोधायचे?

तरी हा गडी कुठल्या कुस्तीतून आला असेल, याची कल्पना आमच्या कर्जतकडच्या माणसाला करता येते. कारण ती कुस्ती इथे अजून जिवंत आहे. कर्जतला कामिका एकादशीला गोदड महाराजांची यात्रा भरते, रथ निघतो. राशीनच्या देवीची यात्रा असते. गावोगावच्या जत्रा तर चैत्रापासून सुरूच होतात. नगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यात यात्रा म्हटली की हगामा आलाच. हगाम्याला नोंदणी नाही, वजनकाटा नाही. दुपारी ऊन कलायला लागले की हलगी कडाडते, माणसे गोल धरून बसतात, आणि ज्याला कुस्ती हवी तो पैलवान लंगोट लावून, एक हात वर करून त्या गोलात फिरू लागतो. दुसरा कुणी उठतो, त्याच्या हातात हात देतो. फेटेवाले पंच दोघांच्या माना, खांदे, पोटऱ्या नजरेनेच तोलतात. जोड बरोबर वाटली तर इनाम बोलले जाते, नाही वाटली तर ‘जोड न्हाई, बसा’ म्हणून दोघांना परत पाठवतात. सुरुवात लहान पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्यांनी होते, मग नारळावरच्या, मग शंभराच्या, पाचशेच्या, आणि दिवस मावळायला आला की शेवटची मोठी कुस्ती. जिंकलेला गडी मैदानाला फेरी मारतो आणि लोक खिशात हात घालतात. कुणी दहा देतो, कुणी पन्नास. हरलेला अंगावरची माती झटकत आपल्या गावच्या माणसांत जाऊन बसतो. हरला तरी त्याला पुढच्या गुरुवारी दुसऱ्या गावचा हगामा असतोच.

या कुस्तीचा कायदा एकच: चितपट. दोन्ही खांदे जमिनीला लागले, आभाळ दिसले, संपले. मग त्याला दोन मिनिटे लागोत नाहीतर दोन तास. ढाक लावा, कलाजंग करा, घिस्सा मारा, मोळी बांधा, निकाल पाठीवरच. कितीही घोळली तरी निकाल लागेना, तर पंच कुस्ती बरोबरीत सोडवतात आणि इनाम वाटून देतात. खाली माती भुसभुशीत, तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू मुरवलेले. घामाने अंग निसटू लागले की मूठभर माती प्रतिस्पर्ध्याच्या मानेला चोळायची, पकड बसते. पाय अनवाणी, अंगठा मातीत रोवला की जोर लावता येतो.

अशा गड्याला बूट घालून, घड्याळ लावून, कापडी गादीवर उभे करायचे आणि पाठ टेकली नाही तरी पंचांच्या कौलावर हार-जीत ठरवायची, म्हणजे त्याच्या हाताखालची मातीच काढून घेण्यासारखे आहे. शिंदे अँटवर्पला चौथे आले, त्याचे मोल यात आहे.

आता दुसरी बाजू. आपला पैलवान त्याआधी परदेश पाहून आला नव्हता, असे नाही. पण तो गेला होता पैशाच्या कुस्तीसाठी, आणि तिकडचेही इकडे आले होते ते पैशाच्याच कुस्तीसाठी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंड-अमेरिकेत धंदेवाईक कुस्तीचा मोठा बाजार होता. रंगमंचावर, सर्कशीत, जत्रेच्या तंबूत हे मल्ल लढत आणि एका देशात गिऱ्हाईक आटले की दुसऱ्या देशाची बोट धरत. टॉम कॅनन हा त्यांतलाच इंग्रज. आपल्याकडच्या राजेरजवाड्यांना पैलवानांचा शौक, मैदानाला दहा-वीस हजार माणूस, म्हणून १८९२ साली तो हिंदुस्थानात येऊन पोहोचला. करीम बक्ष पैलवानाने त्याला हरवले. इंग्लंडच्या नामांकित मल्लाला देशी पैलवानाने लोळवले, ही बातमी त्या काळी केवढी असेल! कॅननचे नाव इंग्लंडात आज किती जणांना ठाऊक असेल, शंकाच आहे. आपल्याकडे मात्र कुस्तीच्या इतिहासात त्याला जागा मिळाली, तीही हरल्यामुळे.

मग १९१० साली आर. बी. बेंजामिन नावाच्या ठेकेदाराने गामा, त्याचा भाऊ इमामबक्ष, अहमदबक्ष आणि गामू यांना लंडनला नेले. जागतिक विजेतेपदाच्या स्पर्धेत गामाला घेईनात. उंची कमी म्हणून. तेव्हा नाटकगृहातून जाहीर आव्हान निघाले: कुणीही तिघे या, अर्ध्या तासात तिघांना चीत करतो. अमेरिकेचा डॉक्टर रोलर आडवा झाल्यावर दारे उघडली. १० सप्टेंबरला पोलंडचा झ्बिस्को समोर आला आणि अडीच तासांहून अधिक वेळ पालथा पडून राहिला, पाठ काही दिली नाही. आठवड्याने पुन्हा कुस्ती ठरली, त्या दिवशी तो आलाच नाही. पट्टा गामाला मिळाला. ही गोष्ट पंजाबपासून कोल्हापूरपर्यंत तालमीतालमीत पोहोचली. कारण तिच्यात पोस्टर होते, पैज होती, पळून गेलेला गोरा होता.

कोल्हापूरचा धागा इथे जुळतो. शाहू महाराज १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी विलायतेला गेले, त्या प्रवासात त्यांनी रोमचे जुने प्रेक्षागार पाहिले आणि परतल्यावर खासबागचे मैदान बांधायला घेतले. १९१२ साली ते पुरे झाले. लंडनला मैदान मारून आलेल्या इमामबक्षाची कुस्ती खासबागेत झाली ती याच सुमारास. म्हणजे विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात दक्षिण महाराष्ट्रातल्या पैलवानाला ‘तिकडची’ कुस्ती ऐकून माहीत होती. ऑलिम्पिक मात्र त्याने ऐकलेसुद्धा नसावे.

ऐकले होते ते पुण्यातल्या काही मंडळींनी, आणि त्यांनीही अर्धवटच. डेक्कन जिमखाना १९०६ साली निघाला. १९१९ साली सर दोराबजी टाटा त्याचे अध्यक्ष असताना जिमखान्याच्या शर्यती झाल्या. धावणारी पोरे बरीचशी शेतकऱ्यांची, अनवाणी, धोतराचा काचा मारलेली. दोराबजींनी स्वतः इंग्लंडात शिक्षण घेतलेले, तिकडचे मैदानी खेळ डोळ्यांखालून घातलेले. त्यांना या अनवाणी पोरांच्या वेळा युरोपातल्या धावपटूंच्या जवळपास जाणाऱ्या वाटल्या. मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉईड त्या वेळी हजर होते. टाटांनी त्यांच्याकडे बोलणे काढले: पुढच्या वर्षी अँटवर्पला यांना का पाठवू नये? लॉईडनी ब्रिटिश ऑलिम्पिक मंडळाशी संधान बांधून दिले आणि हिंदुस्थानला आपला संघ पाठवायची परवानगी मिळाली.

हा संघ निवडणाऱ्या समितीच्या बैठकीची एक गोष्ट सांगतात. शंभर मीटरची शर्यत किती वेळात धावतात, असे विचारल्यावर एका मातब्बर सभासदाने उत्तर दिले म्हणे, मिनिट-दोन मिनिटे लागत असतील. इथे हिशेब सेकंदाच्या दहाव्या भागाचा असतो हे ऐकून ते गृहस्थ थक्क झाले. गोष्ट थोडी तिखट-मीठ लावलेली असेलही. पण अँटवर्पला माणसे पाठवणाऱ्यांची तयारी किती होती, ते तिच्यातून कळते. शंभर मीटरचा हा हिशेब, तर कुस्तीच्या नियमांचा काय असेल?

पैशाचीही तीच तऱ्हा. खर्चाचा अंदाज ३५ हजार रुपयांचा. हिंदुस्थान सरकारने ६ हजार दिले. लोकांकडे मागितले तर ७ हजारांच्या आसपास जमले. टाटांनी स्वतःच्या खिशातून ८ हजार घातले. संघात सहाच खेळाडू, आणि त्यांतले पाच एकट्या मुंबई इलाख्याचे: बेळगावचा फडेप्पा दरेप्पा चौगुले, साताऱ्याचे दातार, हुबळीचा कैकाडी हे लांब पल्ल्याचे धावपटू, आणि शिंदे-नवले हे पैलवान. सहावा बंगालचा पूर्मा बॅनर्जी, उद्घाटनाच्या संचलनात ध्वज त्याच्याच हाती होता. देखरेखीला सोहराब भूत आणि डॉ. फैझी. फैझी टेनिसचे नामांकित खेळाडू. कुस्तीचा वस्ताद बरोबर कुणीच नाही.

कुस्तीतल्या माणसाला यातली अडचण लगेच कळते. पैलवान मैदानात एकटा उतरतो, पण कडेला त्याचा वस्ताद बसलेला असतो. ‘पट काढ’, ‘मान सोडू नको’, ‘वर ये’ हे ओरडणारा तो. त्याच्या आवाजाची पैलवानाला सवय झालेली असते. अँटवर्पच्या सभागृहात फ्रेंच, फ्लेमिश, इंग्रजीचा गलबला, पंचाची शिट्टी, आणि कडेला आपल्या भाषेत डाव सांगणारे कुणी नाही.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो, नाहीतर लेख भाबडा होईल. १९२०चे ऑलिम्पिक कुस्तीच्या दृष्टीने पुरते भरलेले नव्हते. महायुद्धात हरलेल्या देशांना बोलावणे नव्हते. जर्मनी, ऑस्ट्रिया, हंगेरी, बल्गेरिया आणि मुख्य म्हणजे तुर्कस्तान गैरहजर. क्रांतीनंतरचा रशियाही नाही. तुर्क आणि हंगेरियन पैलवान असते तर शिंदे कुठवर पोचले असते, हा प्रश्न राहतोच. साठ किलोच्या गटात फार माणसे नव्हती, आणि इनमनला हरवले की उपांत्य फेरी, इतका तो रस्ता आखूड होता. तेव्हा ‘हुकलेले सुवर्ण’ वगैरे म्हणण्यात अर्थ नाही.

पण समोर कोण होते, तेही पाहायला हवे. सॅम गर्सन युक्रेनमध्ये जन्मलेला ज्यू. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संघातून खेळलेला. सुवर्ण जिंकणारा चार्ल्स अ‍ॅकर्ली कॉर्नेल विद्यापीठाचा. ही दोन विद्यापीठे कुस्तीत एकमेकांची जुनी वैरी. म्हणजे अंतिम फेरीतले दोघेही अशा व्यवस्थेत वाढलेले, की जिथे विद्यापीठाचा पगारी शिक्षक आहे, हंगामभर गादीवरच्या लढती आहेत, घड्याळ आणि पंचांचा कौल रोजच्या सवयीचे आहेत. अमेरिकन चमूने प्रवासाबद्दल मोठी बोंब मारली होती हे खरे. त्यांना आणणारी ‘प्रिन्सेस माटोइका’ ही बोट युद्धातल्या मृत सैनिकांच्या शवपेट्या वाहून आलेली होती. तिला औषधांचा वास मारत होता, उंदीर सुटले होते. खेळाडूंनी बोटीवरच बंड पुकारले. पण गादीवर उतरल्यावर त्यांना काहीच नवे नव्हते. आपल्या गड्याला सगळेच नवे होते.

नवल्यांचा वजनी गट मोठा, पंचाहत्तर किलोचा, तिथे ते पहिल्याच कुस्तीत हरले. चौगुल्यांनी मॅरेथॉन २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत पुरी केली आणि एकोणिसावे आले. त्या साली मॅरेथॉनचे अंतर नेहमीपेक्षा अर्ध्या किलोमीटरहून जास्त होते, ४२.७५ किलोमीटर, हे लक्षात घेतले तर बेळगावच्या या माणसालाही आपण फार स्वस्तात विसरलो. दातारांना शर्यत पुरी करता आली नाही. संघ परतला.

आणि इथून पुढेच खरी हळहळ वाटते. रणधीर शिंदे आणि कुमार नवले, या दोघांनी गादी पायाखाली घेतली होती. घड्याळाच्या कुस्तीत पहिल्या मिनिटापासून आक्रमण करावे लागते, पालथे पडून वेळ काढला तर कौल विरुद्ध जातो, मातीतला कुठला डाव गादीवर चालतो आणि कुठला बुटांमुळे अडतो, हे सगळे त्यांनी स्वतःच्या अंगावर शिकून घेतले असणार. त्या काळी हे ज्ञान महाराष्ट्रात दुसऱ्या कुणाकडे नव्हते. त्याचे झाले काय? १९२४ साली पॅरिसला भारताने धावपटू आणि टेनिसपटू पाठवले, पैलवान एकही नाही. १९२७ साली भारतीय ऑलिम्पिक संघटना उभी राहिली, दोराबजीच पहिले अध्यक्ष. १९२८ साली ॲमस्टरडॅमला हॉकीचे सुवर्ण आले आणि सगळे लक्ष तिकडे गेले. कुस्ती नाही. १९३२ साली लॉस एंजेलिसला नाही. १९३४ साली लंडनच्या ब्रिटिश एम्पायर खेळांत रशीद अन्वरने कांस्यपदक आणले, तेव्हा कुठे १९३६च्या बर्लिनला तीन पैलवान गेले. त्यांतल्या एकाचे आडनाव थोरात. म्हणजे सोळा वर्षांचा खंड पडला. सोळा वर्षांत पैलवानांची अख्खी पिढी मातीतून उठते, लढते आणि वस्ताद होऊन बसते.

दोष कुणाचा म्हणायचा? जिमखान्याच्या मंडळींना कुस्ती हा आपला खेळ वाटत नव्हता. टेनिस, क्रिकेट, धावणे वाटत होते. संस्थानिकांना कुस्तीचे वेड होते, पण त्यांना आपल्या मैदानातली कुस्ती हवी होती, आपल्या गादीपुढे, आपल्या हत्तीवरून वाटली जाणारी साखर. आणि पैलवानाच्या दृष्टीने ऑलिम्पिक हा बिनपैशाचा उद्योग होता. हौशी खेळाडूंनी बक्षिसाच्या पैशाला हात लावायचा नाही, हा ऑलिम्पिकचा तेव्हाचा सोवळा नियम. हगाम्याच्या इनामावर बदाम-दुधाचा खुराक चालवणाऱ्या गड्याला तो कसा परवडावा? टॉम कॅनन किंवा गामा निदान पोटासाठी समुद्र ओलांडत होते, त्यांची मिळकत त्यांना तिकडे ओढून नेत होती. शिंद्यांना पाठवायला टाटांचा खिसा लागला, आणि तो खिसा पुन्हा कुस्तीसाठी उघडला नाही तेव्हा तो रस्ता बुजला. साहेबाने हौशी आणि धंदेवाईक अशी जी भिंत घातली, तिचा फटका त्याच्या स्वतःच्या पैलवानांनाही बसला असेल. आपल्या तालमीला मात्र ती भिंत कशासाठी आहे हेसुद्धा कुणी समजावून सांगितले नाही.

म्हणून १९४८ साली कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव लंडनला गेले, ते जवळजवळ शिंद्यांच्याच जागी उभे होते. कोल्हापूरच्या महाराजांनी खर्च केला, रीस गार्डनर या परदेशी प्रशिक्षकाने थोडे शिकवले. गादीचा सराव तुटपुंजा. तरी त्यांनी ऑस्ट्रेलियाच्या आणि अमेरिकेच्या पैलवानांना हरवले आणि फ्लायवेट गटात सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीला जायचे तर पुन्हा पैशाचीच वाट अडली. मुंबई सरकारने मदत नाकारली आणि राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकून ७ हजार रुपये उभे केले, ही हकिगत सर्वांना पाठ आहे. २३ जुलै १९५२ला बँटमवेट गटात खाशाबांचे कांस्यपदक आले. जपानच्या इशीशी दमछाक करणारी कुस्ती झाल्यावर त्यांना लगेच सोव्हिएत संघाच्या ममेदबेकोवशी लढायला उभे केले; दोन कुस्त्यांमध्ये विश्रांती मिळायला हवी होती, पण तिथे बाजू मांडायला भारताचा अधिकारी नव्हता, असे सांगितले जाते. खरे असेल तर १९२०ची आणि १९५२ची गोष्ट एकच: मैदानाच्या कडेला नियम ठाऊक असलेला आपला माणूस नाही.

याच हेलसिंकीत आणखी एक मराठी पैलवान होता. केशव माणगावे, कोल्हापूरकडचे. गट फेदरवेट, म्हणजे शिंद्यांचाच. सुवर्ण तुर्कस्तानच्या बायराम शितला, रौप्य इराणच्या गिवेचीला, कांस्य अमेरिकेच्या जोसाया हेन्सनला. माणगावे चौथे. या वेळी तुर्क होते, इराणी होते, रशियन होते. मैदान पुरते भरलेले होते. तेव्हा माझ्या मते माणगाव्यांचा चौथा नंबर शिंद्यांच्या चौथ्या नंबरापेक्षा वजनदार आहे, आणि तरी खाशाबांच्या कऱ्हाड ते गोळेश्वर निघालेल्या बैलगाड्यांच्या मिरवणुकीच्या धुरळ्यात तो दिसेनासा झाला. खाशाबांचीही उपेक्षा झाली असे आपण म्हणतो. पोलिसात नोकरी, १९८४ साली अपघाती मृत्यू, अर्जुन पुरस्कार मरणोत्तर. पण उपेक्षेलाही आधी आठवण लागते. माणगाव्यांच्या वाट्याला तेवढेही आले नाही.

त्यानंतर चित्र हळूहळू पालटले. १९५३ साली राज्य कुस्तीगीर परिषद उभी राहिली, मामासाहेब मोहोळांनी तिचा डोलारा सांभाळला. १९६१ साली औरंगाबादेत दिनकर दह्यारी पहिले महाराष्ट्र केसरी झाले. १९६२च्या जकार्ता एशियाडमध्ये गणपतराव आंदळकर आणि मारुती माने यांनी एकेक सुवर्ण आणि एकेक रौप्य आणले. दोघेही मातीत घडलेले, दोघेही गादीवर जिंकलेले. महाराष्ट्र केसरीत आता माती विभाग वेगळा, गादी विभाग वेगळा, आणि दोन्हीकडचे विजेते शेवटी एकमेकांपुढे.

मार्च २०२५मध्ये ही सहासष्टावी स्पर्धा आमच्या कर्जतला झाली. गोदड महाराजांच्या नावाने कुस्तीनगरी वसली आणि सोलापूर जिल्ह्याच्या वेताळ शेळकेने पृथ्वीराज पाटीलला हरवून गदा नेली. त्याच्या दोनच महिने आधी, त्याच जिल्ह्यात, अहिल्यानगरला दुसऱ्या संघटनेची महाराष्ट्र केसरी होऊन गेली होती, तिथे पृथ्वीराज मोहोळ केसरी झाला. एका जिल्ह्यात एका वर्षी दोन महाराष्ट्र केसरी! अहिल्यानगरच्या मैदानात तर पाठ टेकली की नाही यावरून पंचांशी वाद पेटला, तो लाथाळीपर्यंत गेला आणि पैलवानांवर बंदी आली. शिंद्यांनंतर शंभर वर्षांनीही गादीवरच्या पंचाचा कौल आणि मातीतल्या पैलवानाची समजूत यांचे पुरते जुळलेले नाही, हे त्या दिवशी टीव्हीवर सगळ्यांनी पाहिले.

कर्जतची स्पर्धा बघायला आलेल्या तालमीतल्या पोरांना आज गादीचे सगळे ठाऊक असते. दोन गुणांचा डाव कुठला, चार गुणांचा कुठला, रेषेबाहेर पाय गेला की काय होते, हे ती मोबाइलवर जपानी, इराणी पैलवानांच्या कुस्त्या पाहून शिकतात. शेजारच्या पाटोद्याच्या राहुल आवारेने २०१८ साली राष्ट्रकुलचे सुवर्ण आणि २०१९ साली जागतिक स्पर्धेचे कांस्य आणले, तोही याच हगाम्यांच्या मुलखातला. रणधीर शिंद्यांना यातले काहीच मिळाले नव्हते. त्यांना मिळाले ते एक इंग्रज हरवायला, एक अमेरिकन, ज्याच्यापुढे ते हरले, आणि शेवटी दुसरा इंग्रज, ज्याने पदक नेले.

ऑगस्ट २०२४मध्ये कोल्हापूरच्या स्वप्नील कुसळेने पॅरिसला नेमबाजीत कांस्यपदक जिंकले. खाशाबांनंतर ७२ वर्षांनी मराठी माणसाला वैयक्तिक ऑलिम्पिक पदक, असे मथळे सगळीकडे आले. ते बरोबरच होते. त्या दिवशी १९५२च्या मागे कुणी गेले नाही. गेले असते तर त्यांना ऑलिम्पिकच्या दप्तरात, एका फालतू ‘स’सकट, चौथ्या ओळीवर तो पैलवान सापडला असता.